घरात शुद्धीवर कोण आहे?

आशाताईच्या पिशवीत दोन कागद असतात. एक सीबॅक फॉर्म. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाला विचारायचं : तंबाखू खाता का, बिडी ओढता का, दारू रोज पिता का. उत्तराला गुण द्यायचे आणि बेरीज करायची. दुसरा कागद बाळाचा : वजन, लसी, ताप, जुलाब. दोन्ही कागद एकाच घरात, एकाच ओसरीवर बसून भरले जातात, पण बापाच्या फॉर्मवर ‘रोज पितो’ अशी खूण झाली म्हणून बाळाच्या कार्डावर काहीही बदलत नाही. ही पुस्तिका त्या दोन कागदांच्या मधल्या कोऱ्या जागेसाठी लिहिली आहे.

ती आशा, अंगणवाडीसेविका, शिक्षक, उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी आणि समुपदेशक यांच्या हाती पडावी, अशी अपेक्षा आहे. व्यसन कसं सोडवावं यावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. आमचा विषय त्याच्या थोडा अलीकडचा आहे. ज्या घरात बाप, आई, आजोबा किंवा काका नशा करतात आणि ती उद्या सुटणार नाही हे सगळ्यांना दिसतं आहे, त्या घरातलं लेकरू आज रात्री सुखरूप कसं राहील, आणि त्याच्या आईबापांशी त्याबद्दल बोलायचं कसं? आजवर आपण क्रम उलटा धरला. आधी दारू सुटू दे, मग पोराबाळांचं आपोआप बरं होईल, असं म्हणत राहिलो. सुटायला वर्षं जातात, मधे चार वेळा पुन्हा सुरू होते, कित्येकांची सुटतच नाही. तेवढा काळ मूल थांबून राहत नाही. ते रांगतं, चालतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं. म्हणून या पुस्तिकेतला पहिला प्रश्न ‘सोडणार का?’ हा नाही. ‘संध्याकाळी सातनंतर घरात शुद्धीवर कोण असतं?’ हा आहे.

ही पुस्तिका वाशीम जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तिच्यात महाराष्ट्रातले जे चार जिल्हे आले त्यांत नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबाद यांच्याबरोबर वाशीम होता. सोयाबीन आणि तूर ही इथली मुख्य पिकं. त्यामुळे पैसा महिन्याच्या पगारासारखा येत नाही, मळणीबरोबर येतो. नशेचंही इथे एक पंचांग आहे : पोळ्याची कर, आठवडी बाजाराचा दिवस, सोयाबीन विकल्यानंतरचा आठवडा, लग्नसराई, धुळवड. पालकांशी बोलणाऱ्याने हे पंचांग पाठ करावं. करीच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या उपदेशापेक्षा पोळ्याच्या चार दिवस आधी ‘त्या रात्री पोरं कुठं झोपवणार?’ एवढं विचारलं तर त्याचा जास्त उपयोग होतो.

इथली नशा फक्त बाटलीत नसते. विदर्भात गावोगावच्या पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा मिळतो. २०१२ च्या जुलैत राज्याने गुटख्यावर बंदी घातली. खर्रा मात्र माणसासमोर घोटून दिला जातो, त्याला कारखाना लागत नाही, त्यामुळे त्याचं चलन टिकून राहिलं. घरातल्या बायका तंबाखूची मशेरी लावतात, म्हातारे बिडी ओढतात. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरताना आढळले, आणि त्यांतले बहुसंख्य धूर न काढता खाणारे, चघळणारे होते. आशाताईकडे साधारण हजार लोकवस्ती असते. हाच हिशेब लावला तर तिच्या वाट्याला पावणेदोनशे-दोनशे तंबाखू वापरणारे येतात. त्यांच्या चंच्या, पुड्या आणि चुन्याच्या डब्या ज्या घरांत पडलेल्या असतात, त्यांतल्या अनेक घरांत पाच वर्षांखालचं मूल असतं.

दारूबद्दल दिल्लीच्या एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. देशात १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक, म्हणजे १४.६ टक्के, दारू पितात, आणि त्यांतल्या ५.७ कोटी लोकांना उपचाराची किंवा मदतीची गरज आहे, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे ढोबळमानाने तिघांत एक. व्यसनमुक्तीचं सगळं लक्ष या एकावर असतं, आणि ते योग्यच आहे. पण मुलाच्या बाजूने पाहिलं तर उरलेल्या दोघांनाही सोडून चालत नाही. सणावारीच पिणारा, एरवी कष्टाळू, गावात मान असलेला बाप त्याच एका रात्री दीड वर्षाच्या पोराला गाडीच्या टाकीवर बसवून पाहुण्याच्या गावाहून परत निघतो. तो व्यसनी नाही. लेकराचा धोका मात्र त्या रात्री तेवढाच आहे.

एक गैरसमज आधीच बाजूला ठेवायला हवा. दारू म्हटली की इथे अनेकांचं बोट बंजारा तांड्याकडे जातं. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं सर्वांत मोठं श्रद्धास्थान. संत सेवालाल महाराजांच्या नावाने नशेपासून दूर राहण्याची शिकवण तिथे पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. पिणारी माणसं तांड्यात आहेत तशी गावठाणात आहेत, शहरातल्या कॉलनीत आहेत, सरकारी निवासस्थानांत आहेत. फरक एवढाच की कॉलनीतलं दार बंद असतं. तिथे आशाताईला पाण्याचा ग्लास देऊन उंबऱ्यावरूनच परत पाठवतात. ही पुस्तिका त्या बंद दारांसाठीही आहे, आणि तिथे शिरणं जास्त अवघड आहे हे लेखनात गृहीत धरलं आहे.

या भागातल्या एका लेकराची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण आपण ती वेगळ्या कारणासाठी सांगत आलो. डेबुजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच पुढचे गाडगेबाबा, १८७६ मध्ये आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मले. वडील झिंगराजी दारूत बुडाले आणि डेबू सात-आठ वर्षांचा असताना गेले. आई सखुबाई त्याला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आली. मामाच्या घरी तो वाढला, गुरं राखली, शेती शिकला. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला रीतीप्रमाणे दारू-मटण न ठेवता त्यांनी गोड जेवण घातलं, हा प्रसंग कीर्तनांतून आणि पाठ्यपुस्तकांतून घरोघरी पोचला. आपण या गोष्टीतून दारूबंदीचा धडा घेतो. त्यातच दुसरा एक धडा आहे. झिंगराजींची दारू कुणालाही सोडवता आली नाही. डेबू वाचला, कारण त्याला दापुऱ्याचं घर मिळालं : दोन वेळचं जेवण, काम शिकवणारा मामा, आणि संध्याकाळी शुद्धीवर असलेली माणसं. बापाचं काय झालं याच्यावर मुलाचं सगळं ठरलं नाही. प्रत्येक पिणाऱ्या घराच्या आसपास असं एखादं दापुरं असतं. शेजारची काकू, आजी, चुलता, अंगणवाडी. ते शोधून, त्याला नाव देऊन, पालकांशी बोलून पक्कं करणं हे समुपदेशनाचं पहिलं काम आहे.

दुसरा दाखला मुंबईचा. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारच्या वतीने डॉ. बार्न्स या डॉक्टर बाईंनी गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी केली. त्यांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव तान्ह्यांना अफू दिली जात असल्याचं त्यांना आढळलं. अफूची बाळगोळी खाल्ली की बाळ गुंगीत पडून राही आणि आई पाळीवर जाऊ शके. त्या आया दुष्ट नव्हत्या, अडाणीही म्हणता येणार नाहीत. त्यांच्या खोलीत दिवसभर बाळाकडे पाहणारं कुणी नव्हतं, आणि पाळी चुकली तर मजुरी जात होती. नुसता ‘अफू देऊ नका’ हा उपदेश तिथे कुचकामी होता. उपाय दुसरीकडून आले. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला, आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांना पाळणाघर सक्तीचं केलं. सोयाबीन काढणीच्या दिवसांत पहाटे मजुरीला निघणारी, दोन वर्षांचं पोर पिणाऱ्या सासऱ्याजवळ ठेवून जाणारी बाई त्याच कोंडीत आहे. तिला ‘सासऱ्याजवळ ठेवू नका’ असं सांगणाऱ्याने मग कुणाजवळ ठेवायचं, हेही सांगायला हवं. वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी हा प्रश्न सहा-सहा महिने चालतो. त्यावर या पुस्तिकेत वेगळं प्रकरण आहे.

आता प्रत्यक्ष घराकडे येऊ. घरातल्या नशेमुळे मुलाला होणारी इजा म्हटली की आपल्याला मारहाण आठवते. ती आहेच, तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पण रोजच्या, साध्या, टाळता येण्याजोग्या इजा जास्त आहेत, आणि त्यांवर बोलणं सोपंही आहे. या विषयाचं दार तिथून उघडावं, असं आम्हाला वाटतं.

चुन्याची पुडी हा त्यांतला सगळ्यांत दुर्लक्षित धोका. मूल ती दाबून पाहतं, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुना डोळ्याचा बाहेरचा पडदा जाळत आत जातो, आणि वेळेत धुतला नाही तर बुबुळ कायमचं पांढरं पडू शकतं. अशा वेळी दूध, तूप, मध काहीही घालायचं नाही. आधी स्वच्छ पाण्याची धार, पापणी उघडी धरून, किमान अर्धा तास, आणि मगच दवाखाना. वाशीमला नेण्यात गेलेला तासभर बिनपाण्याचा गेला तर डोळा वाचवणं कठीण होतं. एवढी एक गोष्ट जरी प्रत्येक घरात सांगून झाली तरी या पुस्तिकेचा कागद फुकट गेला नाही, असं म्हणता येईल.

तंबाखू लेकराने गिळली तर लाळ सुटते, उलट्या होतात, मग ते मलूल पडतं. सुपारीचा तुकडा श्वासनळीत अडकतो. बाटलीच्या तळाशी उरलेली दारू लहान मुलाच्या अंगात मोठ्यांसारखी चढत नाही. ती रक्तातली साखर एकदम खाली आणते, आणि ‘झोपलंय, उतरेल’ म्हणून सोडून दिलेलं मूल बेशुद्ध होऊ शकतं. हसत हसत बोट बुडवून चाटवणाऱ्या काकांना हे सांगायला हवं. सर्दीला दोन थेंब ब्रँडी देणाऱ्या आजीलाही सांगायला हवं, आणि तिला सांगताना तिचा मान राखायला हवा.

रिकाम्या बाटल्यांचा प्रश्न आपल्या भागात आणखी गंभीर आहे, कारण इथे प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात फवारणीची औषधं असतात. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा साऱ्या राज्याचं लक्ष या औषधांकडे गेलं. घरातल्या साठ्याकडे तेवढं गेलं नाही. उरलेलं औषध दारूच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत ओतून फळीवर ठेवलं जातं. मूल ते सरबत समजतं, प्यालेला बाप दारू समजतो. इथे नियम एकच : औषध त्याच्याच डब्यात, डबा कुलपात, आणि कुलूप घराबाहेरच्या कोठीला. कुणी गिळलं असेल तर उलटी करवायची नाही, मिठाचं पाणी पाजायचं नाही, डबा बरोबर घेऊन १०८ ची गाडी बोलवायची. माणूस नेहमीच्या झोकात पडला आहे असं वाटत असेल, पण तोंडातून लाळ गळत असेल, घाम फुटला असेल, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर ती दारू नव्हे, विषबाधा असू शकते, हेही घरच्यांना माहीत असायला हवं.

बिडी आणि काडेपेटी कुटाराच्या ढिगाजवळ, वाकळीत, बाजेखाली. शेतात नेलेलं पोर आणि प्लॅस्टिक अंथरलेलं निसरडं शेततळं, ज्यातून मोठ्या माणसालाही चढून येता येत नाही. तान्हं बाळ आणि त्याच्याच अंथरुणावर दारूच्या गुंगीत झोपलेला माणूस, ज्याचा हात बाळाच्या तोंडावर पडला तरी त्याला जाग येत नाही. आपल्याकडे मूल कुशीतच झोपतं, आणि ती रीत मोडायला आम्ही सांगत नाही. ज्या रात्री कुणी प्यालं असेल त्या रात्री बाळ झोळीत किंवा शुद्धीवर असलेल्या आईच्या पलीकडच्या बाजूला, एवढंच सांगतो. हे सगळं पुस्तिकेत खोलीनुसार दिलं आहे : स्वयंपाकघर, ओसरी, कोठी, अंगण, गाडी, शेत. पालकांबरोबर घरातून एक फेरी मारायची आणि मुलाच्या उंचीवरून पाहायचं.

बोलायचं कसं, हा या कामाचा गाभा आहे. पिणाऱ्या माणसाने दारूवरचं प्रत्येक भाषण ऐकलेलं असतं. बायकोचं, आईचं, गुरुजींचं, महाराजांचं. त्याच्याकडे प्रत्येकाचं उत्तर तयार असतं. पण ‘दादा, चुन्याची डबी कुठं ठेवता?’ याचं उत्तर तयार नसतं. तो उठतो आणि कोनाड्याकडे बघतो. तिथे पहिल्यांदा बाप म्हणून बोलणं सुरू होतं. आपल्या लेकराला काही होऊ नये, हे त्यालाही वाटतं. दारूमुळे ही इच्छा मरत नाही, फक्त संध्याकाळी तिचा उपयोग होत नाही. म्हणून बोलणं सकाळचं असावं, तो शुद्धीवर असताना, परवानगी विचारून. एका भेटीत एकच गोष्ट ठरवावी, आणि ती त्याने स्वतः बोलून दाखवावी : ‘पिऊन आलो तर पोराला गाडीवर घेणार नाही.’ शपथा घालू नयेत. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली की बाप लाजेने मुलालाच टाळू लागतो, आणि मूल आपल्यामुळे बाबा पितात असं समजू लागतं.

बायकोशी बोलणं वेगळं, एकटीशी, नवऱ्यासमोर कधीच नाही. तिला मारहाण होते का, हे विचारताना दाराबाहेर कोण उभं आहे ते पाहावं. आपण निघून गेल्यावर त्या प्रश्नाची किंमत तिला मोजावी लागते. ‘तू लक्ष का ठेवलं नाहीस?’ हा सूर तर कटाक्षाने टाळावा. नवऱ्याची दारू लपवणं, उधारी फेडणं, शाळेत खोटं सांगणं आणि वर मुलांची राखण, ही सगळी कामं आधीच तिच्यावर आहेत. काही घरांत आई स्वतः पिते किंवा तंबाखू खाते. बापाला मिळणारी सूट तिला गावात मिळत नाही, त्यामुळे ती जास्त लपवते आणि मदत जास्त उशिरा मागते. गरोदरपणात तंबाखू खाल्ली तर बाळ कमी वजनाचं जन्मतं, हे तिला धमकीसारखं न सांगता सांगता आलं पाहिजे.

मोठ्या मुलांचा विचार स्वतंत्र करावा लागतो. अशा घरातली दहा-बारा वर्षांची थोरली मुलगी बहुतेक वेळा आई झालेली असते. धाकट्यांना जेवू घालते, बाबा आले की त्यांना घेऊन शेजारी जाते, आणि शाळेत डुलक्या काढते. शिक्षकांना ती आळशी वाटते. मुलगा असला तर त्याला ‘जा रे, एक खर्रा घेऊन ये’ म्हणून ठेल्यावर पाठवलं जातं, आणि उरलेल्या पैशांत तो काय चाखतो हे कुणी पाहत नाही. पालकांना हे सांगणं कायदा दाखवण्यापेक्षा सोपं आहे, पण कायदाही त्यांना ठाऊक असावा. २००३ च्या तंबाखूविरोधी कायद्याने अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विक्री करायला मनाई आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला, आणि कलम ७८ नुसार दारू किंवा अमली पदार्थांच्या ने-आणीसाठी मुलाला वापरणाऱ्याला, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

समजा, बोलणं सफल झालं आणि बाप म्हणाला, ‘सोडतो.’ इथे आनंदाच्या भरात एक मोठी चूक होते. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम थांबवलं की पहिल्याच दिवशी हात थरथरतात. पहिल्या दोन दिवसांतच झटके येऊ शकतात, दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत भास होऊ शकतात, माणूस नसलेले साप पाहतो आणि समोरच्या पोरालाही ओळखत नाही. जिवावर बेतू शकेल असा हा काळ आहे. तो घरी कोंडून काढायचा नसतो, दवाखान्यात काढायचा असतो, आणि मुलं त्या दिवसांत आजोळी असलेली बरी. दुसरी चूक चोरून औषध देण्याची. ‘चहात टाका, कळणारही नाही’ अशा पुड्यांच्या जाहिराती आठवडी बाजारात दिसतात. अशा पुडीत डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध असेल आणि वरून दारू पोटात गेली, तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. हे औषध उपयोगी आहे, पण ज्याला द्यायचं त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

उपचारात कुटुंबाला बरोबर घ्यावं लागतं, हे महाराष्ट्रात २९ ऑगस्ट १९८६ ला डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणने रुजवलं. वाशीमहून पुणे ही एका रात्रीची वाट, आणि मजुरी बुडवून तिथे राहणं सगळ्यांना परवडत नाही. जिल्हा रुग्णालयातला मानसिक आरोग्य विभाग, १४४१६ हा टेलि-मानस मदतवाहिनीचा क्रमांक, १४४४६ ही व्यसनमुक्तीची मदतवाहिनी आणि तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हे पर्याय त्यामुळे आशाताईच्या वहीच्या पहिल्या पानावर हवेत.

काही घरांत समुपदेशन पुरणार नाही. मुलावर मारहाणीच्या खुणा आहेत, मूल उपाशी आहे, रात्रभर एकटं आहे, किंवा लैंगिक अत्याचाराची शंका आहे, तर ते गुपित ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. पोक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. १०९८ आणि ११२ हे क्रमांक, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बालकल्याण समिती आणि सरपंचांच्या अध्यक्षतेखालची ग्राम बाल संरक्षण समिती यांच्याकडे कसं जायचं, हे शेवटच्या प्रकरणात टप्प्याटप्प्याने दिलं आहे. मात्र या क्रमांकांचा धाक म्हणून वापर करू नये. ‘ऐकलं नाही तर पोर उचलून नेतील’ हे एकदा म्हटलं की त्या घराचंच नव्हे, त्या गल्लीतल्या प्रत्येक घराचं दार बंद होतं. माहिती कुठपर्यंत गुप्त राहील आणि कुठून पुढे राहणार नाही, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावं.

विदर्भात दारूबंदीची परंपरा मोठी आहे. वर्ध्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. २००८ च्या शासन आदेशाने गावातल्या महिला मतदारांना आडव्या बाटलीच्या चिन्हाला मत देऊन परवानाधारक दुकान बंद करण्याचा मार्ग दिला, आणि अनेक गावांतल्या बायकांनी तो वापरला. या चळवळींबद्दल आम्हाला आदर आहे. दुकान बंद झालं की वाटेतला मोह कमी होतो. पण बंदी असो वा नसो, बाटली घरात आलेली असते तेव्हा ती कोणत्या फळीवर आहे आणि तिच्याजवळ कोण खेळतं आहे, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर मतपेटीतून येत नाही. ते पालकांनाच द्यावं लागतं, आणि त्यासाठी त्यांच्याजवळ बसून बोलणारं कुणीतरी हवं.

हे बोलणारी बहुतेक वेळा त्याच गावची सून असते. तिच्या स्वतःच्या घरातही कदाचित कुणी पीत असेल. मोबदला तुटपुंजा, नोंदवह्या अनेक, त्यात हे आणखी एक काम. म्हणून पुस्तिका मुद्दाम लहान ठेवली आहे. ती सलग वाचायची गरज नाही. आधी घरफेरीचं प्रकरण वाचावं, ते स्वतःच्या घरात करून पाहावं, मग संवादाचे नमुने. तालुक्याच्या मासिक बैठकीत एका भेटीवर सगळ्यांनी मिळून बोलावं, म्हणजे अवघड घराचं ओझं एकटीवर राहणार नाही.

यश कशाला म्हणायचं, हेही आधी ठरलेलं बरं. वर्षाअखेरीस किती जणांची दारू सुटली याच आकड्यावर हे काम मोजलं तर ते दरवर्षी नापास होईल आणि बंद पडेल. प्रत्येक जोखमीच्या घरासाठी वहीत तीन ओळी लिहाव्यात : रात्री शुद्धीवर राहणाऱ्या माणसाचं नाव, औषध आणि बाटलीची ठरलेली जागा, आणि मुलाला रात्री-बेरात्री जाता येईल असं एक घर. पुढच्या भेटीत त्या तीन ओळी खऱ्या आहेत का ते पाहावं. खऱ्या असतील तर बाप पीत असला तरी त्या घरात काम झालं आहे. दारू सोडण्याचं बोलणं त्यानंतर, त्याच ओसरीवर, जास्त विश्वासाने सुरू करता येतं.